बारशाचं बोलावणं

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मराठी समाज भवनाच्या स्वयंपाकघराची चावी माझ्या कमरेले असते. अध्यक्ष येतात आन् जातात, चावी वनमालाची वनमालाकडंच. लग्न असो, मुंज असो, तेरवी असो, डाळ किती शिजवायची ते मी सांगते. अध्यक्ष फक्त गळ्यात हार घालून घेतात. म्हणून त्या दिवशी सकाळी भवनापुढं पोलिसायच्या गाड्या लागल्या आन् मले कोणी काही विचारलंच नाही, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय लावलं यशवंतराव?" मी फाटकातूनच ओरडली.

यशवंतराव आमचे आत्ताचे अध्यक्ष. कडक इस्त्रीचा झब्बा, आन् बोलणं असं का भोसल्यायच्या दरबारातून आत्ताच उठून आले. घराणं जुनं आहे म्हणे. असन. माझे सासरे वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीवर आले, आम्ही या हिंदी मुलखात नवेच. पण नव्या लोकायच्या हातचं जेवायले यशवंतरावांले कधी लाज वाटली नाही.

"प्रशासनाने काही दिवसांसाठी हॉल मागितला आहे, वनमालाताई. देशाचं काम आहे. नाही कसं म्हणणार?"

देशाचं काम काय, तर बंगाली बोलणारे गरीब लोकं वस्त्यायमधून उचलून आणायचे. बांगलादेशातून आले असन असा संशय. ज्याच्या त्याच्या जिल्ह्यातून कागद खरे का खोटे याचं उत्तर येईपर्यंत त्यायले कुलपात ठेवायचं. माणसं शहराबाहेर एका सरकारी इमारतीत, आन् बाया-लेकरं आमच्या हॉलमधी. ज्या हॉलमधी माझ्या भाचीचं लग्न लागलं त्याच हॉलच्या खिडक्यायले जाळी ठोकली, दाराशी शिपाई बसवला, आन् आत सतरंजीवर बाया आपापल्या लेकरायले पोटाशी धरून बसल्या. कितीजणींच्या पायात चप्पल बी नव्हती.

"गुन्हा काय केला यायनं?" मी इन्स्पेक्टरले विचारलं.

"अभी तो जाँच चल रही है, दीदी."

"मंग जाँच घरी राहून होत नाही का? कुलूप काहून?"

तो हसला. त्या माणसाचं हसणं मले पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. मी ओरडते हे मी राहते त्या साऱ्या ब्राह्मणपाऱ्याले माहीत आहे. ओरडणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते समजते तरी. हा मात्र आवाजच चढवत नव्हता. काही बी म्हणा, "जी दीदी, देखते हैं दीदी." असा गोड बोलणारा माणूस आन् शिटी न देणारा कुकर, दोन्हीपासून लांब उभं राहावं.

स्वयंपाक माझ्याकडं होता म्हणून मले आत जाता येत होतं, आन् आत गेली का रोज एक भांडण. रात्रभर हॉलचे सारे ट्यूबलाइट चालू ठेवायचे. लेकरं झोपतील कशी? मी भांडली, अर्धे बंद झाले. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली होती, म्हणे कोणी स्वतःले कोंडून घेतलं तर? मी म्हटलं, "तुमच्या घरच्या बाया बिनकडीच्या न्हाणीत आंघोळ करतात का?" इन्स्पेक्टरच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या तेव्हा कुठं कडी लागली. लेकरायले सकाळचं दूध बी मी भांडूनच घेतलं. पण एका गोष्टीपुढं माझं काही चाललं नाही.

माजेदा आली तेव्हा तिचे दिवस भरले होते. बाळंतपणाले दवाखान्यात नेलं, सोबत शिपाईण. आन् दुसऱ्याच दिवशी परत आणून सतरंजीवर टाकलं. ओली बाळंतीण, अवो! आमच्या गावाकडं म्हैस व्याली तरी तिले चार दिवस जागची हलवत नाहीत. मी घरून गादी आणली, शेकायले शेगडी आणली, डिंकाचे लाडू केले. मुलगी झाली होती. नाक बापाचं आहे, माजेदा म्हणायची. बाप सफीकुल, फरशी बसवणारा मिस्त्री, तो शहराबाहेरच्या त्या इमारतीत बंद. त्यानं पोरीचं तोंडच पाहिलं नव्हतं. माजेदा मले रोज एकच गोष्ट सांगायची, "दीदी, उसके अब्बा को एक बार दिखा दो."

तिचं मागणं तेवढंच. मी मात्र पुरतं मागितलं. "नवरा, बायको, लेकरू एका खोलीत ठेवा. कागद येईपर्यंत कुलपात ठेवायचं तर ठेवा, पण एका कुलपात ठेवा. माय-बापापासून लेकरू तोडू नका." इन्स्पेक्टरले सांगितलं. त्याच्या वरच्या साहेबाच्या ऑफिसात जाऊन बाकड्यावर दिवस काढला आन् त्याले सांगितलं. पेपरवाल्याले सांगितलं, त्यानं लिहून घेतलं आन् छापलं नाही. सगळीकडं उत्तर तेच, "पुरुष अलग, महिलाएँ अलग. नियम है, दीदी."

"नियम करणारा काय झाडाले लागला होता? त्याले मायबाप नव्हते?"

"जी दीदी," इन्स्पेक्टर म्हणाला.

मंग यशवंतरावांनी मले ऑफिसात बोलावलं. "वनमालाताई, तुम्ही त्या लोकांची वकिली बंद करा. समाजाची बदनामी होते आहे."

"समाजाची? मागच्या साली तुमच्या लेकाले, चिरागले आन् त्याच्या बायको-पोराले परदेशातल्या विमानतळावर कागदासाठी रात्रभर बसवून ठेवलं, तेव्हा याच भवनात तुम्ही निषेधाची सभा घेतली होती. 'एवढ्याशा बाळाला खुर्चीवर झोपवलं हो,' म्हणून डोळे पुसत होते माइकवर. चहा मीच केला होता साऱ्यायचा. आपला तो बाब्या आन् दुसऱ्याचं ते कार्टं!"

"चिराग इंजिनीअर आहे," यशवंतराव म्हणाले.

मी त्यायच्या पुढचा चहाचा कप उचलला, मोरीत ओतला आन् निघून आली.

बारशाचं माझ्याच डोक्यात आलं. माजेदा म्हणाली, त्यायच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात, बकरा कापतात, पाहुणे जेवायले बोलावतात. ते तर कुलपात राहूनच गेलं. "मंग बाराव्या दिवशी आमच्या रीतीनं करू," मी म्हटलं. ती थोडीशी हसली. इतक्या दिवसात मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले, म्हणून मले भलताच जोर चढला.

भवनात रामनवमीचा सागवानी पाळणा आहे. तो माळ्यावरून काढायले मी आन् माझ्या हाताखालची शारदा निघालो तर यशवंतराव जिन्यात आडवे. "हा रामजन्माचा पाळणा आहे! ह्यात तुम्ही कोणाला घालताय?"

"रामाले चैत्रापर्यंत काम नाही त्याचं. तो भाडं मागायले आला तर माझ्याकडं पाठवून द्या. सरका."

सरकले. सरकतील नाही तर काय करतील? गणपतीत महाप्रसादाचं जेवण कोणाच्या हातचं आहे ते त्यायले माहीत आहे.

आता बारसं म्हटलं का आत्या पाहिजे. बाळाच्या कानात नाव पहिल्यांदा आत्याच सांगते, आन् बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. बाप नाही तर नाही, बापाची बहीण तरी? बिनआत्याचं बारसं मी जलमात पाहिलं नाही. मी माजेदाले विचारलं, "सफीकुलले बहीण आहे का वो?"

तिनं आधी दाराकडं पाहिलं. "नहीं है." मंग दुपारी मी पोरीले तेल लावून राहिली होती तेव्हा जवळ सरकली आन् हळूच म्हणाली का आहे. रोशनारा. समता कॉलोनीच्या मागं एका खोलीत राहते. पोलिस आले तेव्हा ती कामावर होती, म्हणून वाचली. "लेकिन रहने दो, दीदी. मत बुलाओ."

आता हे 'रहने दो'. माझा जलम पंगती वाढण्यात गेला. 'राहू द्या, राहू द्या' म्हणत कोणी पानावर हात आडवा धरला का मी त्या हाताच्या फटीतून आणखी एक पुरणपोळी सरकवते. तो खातो आन् खुश होतो. आमच्यात नाही म्हणायचं ते समोरच्यानं आग्रह करावा म्हणूनच. पहिल्या नाहीवर जो थांबला, त्याच्या घरच्या जेवणाले चार गावं नावं ठेवतात. मले वाटलं, पोरगी संकोचून राहिली. मले त्रास नको म्हणून म्हणून राहिली. मी म्हटलं, "तू चूप बस, मी पाहून घेते."

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरपुढं मी पदर खोचूनच उभी राहिली. "बापाले आणत नाही तर नका आणू. पण बारशाले आत्या आली पाहिजे. तेवढी परवानगी द्या."

"बुआ?" तो म्हणाला. "जरूर, दीदी. नामकरण में बुआ तो होनी ही चाहिए. कहाँ रहती है?"

मी काही इतकी बावळट नाही. "ते तुम्हाले काय करायचं? मी आणते, मीच पोचवते. तिले कोणी बोट लावायचं नाही."

"जैसा आप ठीक समझें."

मले वाटलं, जिंकली मी. घरी येऊन सुनेले सांगितलं. माझी सून देवश्री. मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदीच. भाजी चिरता चिरता थांबली. "मम्मी, पुलिसवाले इतनी जल्दी हाँ बोलते हैं क्या?"

"तू तुझ्या भेंड्या पाह्य," मी म्हटलं.

संध्याकाळी गेली रोशनाराकडं. खोलीले बाहेरून कुलूप. शेजारीण आधी नाहीच म्हणाली, इथं कोणी राहत नाही म्हणाली. माजेदाचं नाव घेतलं, बाळ झाल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं ब्लाऊजमधून किल्ली काढली. आत रोशनारा अंधारात बसली होती, पंखा बी बंद. घरात कोणी नाही असं दिसावं म्हणून स्वतःले शेजारणीकडून कोंडून घेत होती. ज्या दवाखान्यात झाडूपोछा करायची तिथं जाणं सोडलं होतं. नवरा कधीचाच टाकून गेलेला. तिची पोट्टी टुम्पा कोपऱ्यात मोबाइलच्या उजेडात पाढे लिहून राहिली होती. पहिलीत आहे. तिले तेवढं रोज शाळेत पाठवते, रोशनारा म्हणाली, शाळेत कोणी पकडायले येत नाही.

भाची झाल्याचं सांगितलं तर तिचा चेहरा असा उजळला! केस आहेत का, रंग कोणाचा, दूध पिते का, दहा गोष्टी विचारल्या. टुम्पा वही सोडून माझ्या मांडीशी येऊन बसली, माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्याले लावला. मंग मी बारशाचं काढलं आन् रोशनाराचा चेहरा मिटला.

"नहीं दीदी. रहने दो."

पुन्हा तेच. आन् मी बी पुन्हा तेच केलं. "अवो, साहेबानं हो म्हटलं! वनमालाचा शब्द आहे, तात्यापाऱ्यात कोणाले बी विचार. मी घेऊन जाते, मी आणून सोडते. भावाचं लेकरू ते. बाप कुलपात, आन् आत्या बी येणार नाही? मंग त्या लेकराच्या कानात नाव कोणी सांगायचं, मी का शिपायानं?" बोलत राहिली, बोलत राहिली. शेवटी ती हो म्हणाली. पोट भरलेला माणूस वाढपणीच्या तोंडाले कंटाळून पोळी खातो, तशी हो म्हणाली. मले ते तेव्हा दिसलं नाही.

बारशाच्या दिवशी टुम्पाले माझ्यासोबतच शाळेत सोडून ती निघाली. धुतलेली साडी, पिशवीत हातानं शिवलेलं पिवळं झबलं. ऑटोत सारा रस्ता तिनं माझा हात सोडला नाही.

भवनात मी पहाटेच घुगऱ्या शिजवून ठेवल्या होत्या. शारदानं पाळण्याले झेंडू बांधला होता. कोंडलेल्या बाया पाळण्याभोवती जमल्या होत्या, कोणाच्या तरी लेकरानं पाळण्याची घंटी वाजवणं लावलं होतं, आन् किती दिवसांनी त्या हॉलमधी हसण्याचा आवाज येऊन राहिला होता. माजेदा मात्र रोशनाराले पाहून उठली नाही. पाळण्याची दोरी हातात, तोंड पांढरंफटक. मले वाटलं, बाळंतीण आहे, भोवळ आली असन.

"ये आत्याबाई," मी म्हटलं. "सांग कानात."

रोशनारा पाळण्यात वाकली. पोरीच्या गालाले नाक लावून तिनं लांब श्वास घेतला. नाव सांगायले तोंड उघडलं, आन् मागून शिपाईणीनं तिचा दंड धरला.

"नाम बताओ. काग़ज़ कहाँ हैं?"

इन्स्पेक्टर दारातच उभा होता. तेच हसणं. "लीजिए दीदी, परिवार एक जगह हो गया. आप ही तो चाहती थीं."

मले आधी काही समजलंच नाही. मंग समजलं. "तुम्ही हो म्हटलं होतं! मी शब्द दिला होता तिले!"

"ज़बान आपने दी थी, दीदी. मैंने तो बस आने से मना नहीं किया."

"केसानं गळा कापला माझा! मेल्या, बारशाच्या पाळण्यापुढून बाईले धरतो? तुझ्या घरी बहीण नाही का? वाटोळं होईल तुझं!" हातात घुगऱ्यायचं पातेलं होतं, ते मी फेकलं. थेट त्याच्या बुटावर. हॉलभर हरभरे उडाले, आन् लेकरं वेचून खायले धावली. त्यायले वाटलं, हा बी कार्यक्रमच आहे.

यशवंतराव धावत आले. माझ्याकडं नाही, त्याच्याकडं. "साहेब, माफ करा. ह्यांचं वय झालं आहे."

"वय तुमच्या बापाचं झालं!" मी म्हटलं.

रोशनाराले चौकशीसाठी ऑफिसात घेऊन गेले. झबल्याची पिशवी तेवढी पाळण्यात राहिली. आन् माझी ही मेली जीभ! रागाच्या भरात मी बोलून गेली, "अवो, तिची पोट्टी शाळेत आहे! सुटली का घरी येईल आन् कुलूप पाहील. त्या लेकरानं काय करायचं?"

इन्स्पेक्टर बूट झटकून राहिला होता, तो थांबला. "अच्छा. बेटी भी है?"

मी पदर तोंडात कोंबला. काय उपयोग?

"कोई बात नहीं. आप ही ले आइए, दीदी, आपको पहचानती होगी. आप ही तो रोज़ कहती हैं, माँ से बच्चा अलग नहीं होना चाहिए. नहीं तो हम गाड़ी भेजकर ढूँढ लेंगे. बेचारी डर जाएगी."

इतके दिवस ज्या शब्दायनं मी त्याच्याशी भांडली, तेच शब्द त्यानं घडी करून माझ्या हातात दिले. मी माजेदाकडं पाहिलं. मले वाटलं, ती तरी काही म्हणेल, शिव्या देईल. तिनं पाळण्यातून पोरीले उचललं. "मैंने बोला था ना दीदी, रहने दो," एवढं म्हणाली आन् माझ्याकडं पाठ करून बसली.

गाडी पाठवायच्या आधी मी शाळेत पोचली. टुम्पा फाटकातून बाहेर आली, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर, आन् मले पाहून एकदम हसली. "दादी! मम्मी कहाँ है?"

"बाळाकडं," मी म्हटलं.

"नाम रख दिया?"

"अजून नाही."

"मुझे पता है क्या रखेगी. मम्मी ने मुझे बताया है. पर मैं नहीं बोलूँगी, पहले बेबी को बोलना पड़ता है." सारा रस्ता ती अशीच बोलत होती. मी हव, हव म्हणत होती.

चौकात येऊन मी थांबली. इकडं वळलं का ब्राह्मणपारा, माझं घर. तिकडं वळलं का भवन. घरी नेली तर आईपासून तोडली. भवनात नेली तर पहिलीतल्या लेकराले मी माझ्या हातानं कुलपात घातलं. बोंबलत होती ना वनमालाबाई, तोडू नका, तोडू नका म्हणून? आता करा निवाडा! मले स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. शेवटी म्हटलं, मी ठरवणारी कोण? हिच्या आईलेच विचारावं. मागच्या बाजूनं हॉलच्या खिडकीशी जाते, रोशनाराले गुपचूप विचारते, ती म्हणेल तसं करते.

पण मागच्या गल्लीत जायले भवनाच्या फाटकावरूनच जा लागते. आन् इन्स्पेक्टर फाटकातच खुर्ची टाकून बसला होता.

"आ गए?" तो उठला. "आओ बेटा."

त्याच वेळी शिपाईण रोशनाराले ऑफिसातून काढून आंगणातून हॉलकडं नेत होती. टुम्पानं तिले पाहिलं. माझं बोट सोडून तिनं एक पाऊल पुढं टाकलं.

रोशनारानं बी पाहिलं. मी तिच्याकडंच पाहून राहिली होती म्हणून सांगते, तिच्या तोंडावर पोरगी पाहिल्याचा सारा आनंद आला आन् तिनं तो तिथल्या तिथं गिळला.

"तुम्हारी बेटी है ना?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"नहीं."

"ठीक से देखो."

"देख लिया. मेरी कोई बेटी नहीं है. ये बुढ़िया पागल है, कुछ भी बकती है." आन् माझ्या दिशेनं थुंकली.

मले झोंबलं. मंग समजलं, आन् समजल्यावर जास्त झोंबलं. मी पुढं होऊन टुम्पाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझी नात आहे," मी म्हटलं. "देवश्रीची. हिले घ्यायले गेली होती. तिची पोरगी मले भेटली नाही. नेलं असन कोणी तरी."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मंग तो टुम्पापुढं गुडघ्यावर बसला आन् लेकरांशी बोलतात तसा मऊ बोलला. "डरो मत बेटा. सच सच बताओ. वो सामने मम्मी है ना?"

संपलं, म्हटलं. पहिलीतलं लेकरू ते. समोर माय उभी आहे, हाक मारणारच. यशवंतराव ऑफिसच्या दारातून पाहून राहिले होते. त्यायले माझी दोन्ही नातवंडं तोंडानं माहीत आहेत, ही त्यातली नाही हे बी. मी त्यायच्याकडं पाहिलं. त्यायनं मान खाली घातली आन् दार लोटून घेतलं. सोळा आणे भित्रा माणूस, पण तेव्हा भ्यायला ते बरं झालं.

टुम्पानं आईकडं पाहिलं. आईनं तोंड फिरवलं होतं. नुसती पाठ दिसत होती, आन् दंडावर शिपाईणीची बोटं.

"नहीं," टुम्पा म्हणाली.

"तो ये कौन हैं?"

"दादी."

तो उठला, गुडघ्याची धूळ झटकली. टुम्पानं माझं बोट पुन्हा धरलं, नखं रुतेपर्यंत धरलं. मी वळली. ब्राह्मणपाऱ्याच्या वळणापर्यंत ते लेकरू मान खाली घालून माझ्यासोबत चालत राहिलं.

वळणावर भवन दिसेनासं झालं, तेव्हा तिनं मान वर केली. "दादी, मैंने ठीक बोला ना?"

"हव," मी म्हटलं.